शिवणीतला भुंगेरा

मित्रांनो, मी एक जुनी चाळणी आहे. एवढ्यावरून तुमच्या डोळ्यांसमोर पीठ आले असेल, तर ते झटकून टाका. पिठाचा आणि माझा कधी संबंध आला नाही. मी पाचोळा चाळते. डोंगरावरच्या झाडांखाली ओला, काळपट, अर्धवट कुजलेला पाचोळा साचतो ना, तोच. माझा स्वभाव तसा कोरडा आहे, जन्मभर ओल्यात वावरूनही. बारीक ते खाली सोडायचे, जाड ते वर अडवायचे, एवढेच मला येते आणि त्याबद्दल मला हसू किंवा रडू येत नाही. पण एकदा एक गोष्ट ना खाली गेली ना वर राहिली. ती माझ्यातच अडकली आणि तिच्यापायी एक शहाणी बाई चुकीच्या डोंगरावर चढत राहिली. ती हकिकत मी तुम्हांला सांगणार आहे.

माझा जन्म पत्र्याच्या एका दुकानात झाला. तारकाम करणाऱ्या कारागिराने लोखंडी सळईच्या दोन कड्या वळल्या, दोन्हींना एकेक मूठ लावली आणि खालच्या कडीत जाळी ताणून बसवली. ज्या बाईंनी मला करायला सांगितले होते, त्या शेजारी उभ्या राहून भोकांचे माप पुन्हा पुन्हा बघत होत्या.

"एवढ्या मोठ्या भोकांतून काय चाळणार, ताई?" कारागिराने विचारले.

"किडे."

"किडे लोक चाळून फेकतात."

"मी चाळून ठेवते."

त्याने मान हलवली, पण कड्यांचे सांधे झाळताना डाग मात्र पक्का दिला. तो आजतागायत निघालेला नाही.

कड्या झाल्या तरी मी अजून चाळणी झाले नव्हते. दोन कड्यांना जोडणारी कापडाची लांब बाही हवी होती आणि जाळीच्या खाली, चाळलेले जमा व्हायला, तोंड बांधता येईल अशी पिशवी हवी होती. ते काम बाईंच्या मावशीने केले. मावशी घरी शिलाई मशीन चालवत असे. शाळेचे गणवेश, पडदे, गाद्यांचे अभ्रे, जे येईल ते ती शिवी. तिने पडद्याचे जाड कापड घेतले आणि साधी टीप न मारता कडा एकमेकींत दुमडून दुहेरी शिवण घातली.

"ही उसवली तर माझं नाव बदल," ती भाचीला म्हणाली.

शिवण खरोखरच भक्कम होती. फक्त जाळीच्या कडीजवळ, जिथे लोखंड आड येत होते, तिथे मशीनची सुई पोचली नाही. तेवढ्या जागी दुमडीची एक घडी मोकळी राहिली, बोटाचे पेर जाईल एवढी. बाहेरून ती दिसत नसे. मावशीला ती ठाऊक होती, पण पोत्यासारख्या वस्तूत एवढे कोण बघतो, असे तिला वाटले असावे. त्यात तिचे काही चुकले असे मला वाटत नाही.

आता माझ्या बाईंविषयी सांगते. त्या एका संग्रहालयात किड्यांच्या विभागात काम करत. तिथे लाकडी कपाटे होती, कपाटांत काचेच्या झाकणांच्या पेट्या होत्या आणि पेट्यांत टाचणीवर बसवलेले किडे रांगेने उभे होते. फुलपाखरांच्या पेट्या बघायला शाळांच्या सहली येत. बाईंचे किडे बघायला कोणी येत नसे, कारण ते तांदळाच्या दाण्याएवढे असत आणि रंगाने चहाच्या चोथ्यासारखे. बाई ज्या भुंगेऱ्यांचा अभ्यास करत, ते इतर भुंगेऱ्यांसारखे गोलमटोल नसतात. लांबट असतात. त्यांच्या पंखांवरची झाकणे इतकी आखूड असतात, की लहानपणीचे झबले मोठेपणी घातल्यासारखे ते दिसतात आणि निम्म्याहून जास्त पोट उघडेच राहते. ते पोट त्यांना हवे तसे वळवता येते. कोणी डिवचले, की शेपटीचे टोक वर उचलून ते विंचवाचा आव आणतात. नांगी मात्र नसते. पाठीवरची दोन झाकणे मधोमध जिथे मिटतात, तिथे एक सरळ रेघ दिसते. त्या रेघेला बाई शिवण म्हणत. हा शब्द लक्षात ठेवा.

ऑफिसातले लोक बाईंना माघारी पाचोळेवाली म्हणत. बाईंना ते माहीत होते. एकदा फोन उचलून त्यांनी स्वतःच, "हां, पाचोळेवाली बोलतेय," असे म्हटले, तेव्हापासून ते नाव चिडवायच्या उपयोगाचे राहिले नाही.

आमचे काम असे चाले. बाई झाडाखाली गुडघे टेकून बसत, ओला पाचोळा ओंजळी भरभरून माझ्यात टाकत आणि दोन्ही मुठी धरून मला दणादण हलवत. पाने आणि काटक्या जाळीवर राहत. माती, भुगा आणि त्यात लपलेले जीव खालच्या पिशवीत पडत. मग पांढऱ्या कापडावर पिशवी रिकामी करायची आणि गप्प बसायचे. आधी काहीच हलत नाही. घाबरलेला जीव मेल्याचे सोंग घेतो. थोडा वेळ गेला, की एकेक जण सोंग सोडून चालू लागतो आणि बाई काचेच्या नळीने, तोंडाने हवा ओढून, त्याला अलगद आत घेतात. शेवटी मला उलटी करून, म्हणजे आतली बाजू बाहेर काढून, दगडावर तीनदा आपटायचे. हा नियम बाईंचाच. एका जागेचा जीव दुसऱ्या जागी जाता कामा नये, कारण या कामात किडा कोणता याच्याइतकेच तो कुठला, हे महत्त्वाचे असते.

त्या भागात दोन डोंगर होते. थोरला आणि धाकटा. थोरला उंच, दाट झाडीचा, ढगांत डोके घालून बसलेला. मोठमोठे अभ्यासक येत ते थोरल्यावरच जात. धाकटा म्हणजे वाटेत लागणारी टेकाडवजा वस्तू. त्याच्यावर शेळ्यांच्या वाटा होत्या आणि करवतीसारख्या कडांच्या पानांची वेडीवाकडी झाडे. त्या झाडांकडे कोणी मान वळवून बघत नसे. घरात थोरल्याचे कौतुक आणि धाकट्याला उतरलेले कपडे, तसलाच प्रकार.

एकदा थोरल्यावर निघालो असताना संध्याकाळ व्हायला आली, म्हणून बाईंनी वाटेतच, हात मोकळा करायचा म्हणून, धाकट्यावर थोडा पाचोळा चाळला. विशेष काही मिळाले नाही. इतक्यात खालून गाडीचा हॉर्न वाजला. गाडीवान दादा ओरडून सांगत होते, "ताई, धुकं उतरतंय. आता निघालो नाही तर मी गाडी हलवणार नाही."

बाईंनी घाईघाईने मला गुंडाळले. उलटी केले नाही. आपटले नाही. आणि माझ्या शिवणीच्या मोकळ्या घडीत, करवती पानांच्या ओल्या भुग्यात, दोन भुंगेरे दडून बसले होते. गुंडाळताना त्यांतला एक चिरडला. दुसरा वाचला.

दुसऱ्या दिवशी थोरल्यावर बाईंनी मला उघडले आणि कामाला लागल्या. दणके बसू लागले तसा तो घडीतून निसटला, पिशवीत पडला आणि पांढऱ्या कापडावर इतर सगळ्यांबरोबर मेल्याचे सोंग घेऊन पडून राहिला. मग उठला, शेपूट उचलली आणि चालू लागला. त्याच्या पाठीवर, दोन झाकणांच्या मधल्या रेघेवर, सोनेरी केसांची एक बारीक ओळ होती. बाईंचा हात थबकला. नळीने त्याला घेताना त्यांनी श्वास इतका हळू ओढला, की तो वर यायला वेळ लागला.

मित्रांनो, मला त्याच वेळी सांगता आले असते तर किती बरे झाले असते. पण मला तोंडे शेकडो आणि जीभ एकही नाही.

संग्रहालयात आल्यावर बाईंनी त्याला चौकोनी कार्डाच्या तुकड्यावर डिंकाच्या थेंबाने चिकटवले, एकेक पाय सुईने सरळ केला आणि त्याखालच्या चिठ्ठीवर जागा लिहिली: थोरला डोंगर. मला कपाटाशेजारच्या खिळ्यावर टांगले होते, म्हणून पुढचे सगळे मी पाहिले. बाई सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसत आणि मानेला रग लागली की उठत. नराच्या शेपटीच्या टोकात एक बारीकसा अवयव असतो. तो प्रत्येक जातीचा निराळा असतो, कुलपागणिक किल्ली निराळी असते तसा. बाईंनी तो काढला, त्याचे चित्र काढले आणि दूरदूरच्या संग्रहालयांतून आलेल्या चित्रांशी ताडून पाहिले. तशी किल्ली कोणाकडेच नव्हती. पाठीच्या झाकणांखाली उडायचे पंखही नव्हते. हा प्राणी ज्या डोंगरावर जन्मतो, तिथेच मरतो. म्हणजे हा नवा होता. ज्याला आजवर कोणी नाव दिले नव्हते, असा.

बाई विभागप्रमुख सरांकडे गेल्या. सर म्हातारे होते, काटेकोर होते आणि त्यांना खोकल्यासारखे हसू येई.

"डोंगर पोखरून लोक उंदीर काढतात," ते म्हणाले. "तुम्ही त्याच्याही खाली गेलात." मग त्यांनी सूक्ष्मदर्शकातून पाहिले आणि खूप वेळ मान वर केली नाही. "चांगला आहे," शेवटी ते म्हणाले. "दुसरा कुठाय?"

"एकच मिळाला, सर."

"एक म्हणजे नमुना नव्हे, बाई. एक म्हणजे अफवा. जा, दुसरा आणा."

तिथून पुढची वर्षे आम्ही थोरल्यावर काढली. ज्या झाडाखाली तो मिळाला, असे बाईंना वाटत होते, त्या झाडाखाली आम्ही चाळले. वरच्या अंगाला चाळले, खालच्या अंगाला चाळले, ओढ्याकाठी, खडकांच्या कपारीत, पडलेल्या खोडांच्या पोटात चाळले. बाईंच्या हातांना घट्टे पडले. गुडघ्यांना पट्टा बांधायची वेळ आली. प्रत्येक वेळी जाताना आम्ही धाकट्याच्या पायथ्यावरून जात असू आणि प्रत्येक वेळी गाडी तिथे जराही हळू होत नसे. मी मागच्या सीटवर पडलेली असे. आणि माझ्या घडीत, आपटूनही न निघालेले, चिरडलेल्या भुंगेऱ्याच्या पाठीचे एक झाकण वाळून बसले होते. आपटल्याने पिशवी मोकळी होते. घडी मोकळी होत नाही. मला तेव्हा काय वाटे, असे तुम्ही विचाराल. वाईट वाटे. त्याहून जास्त काही मला करता येत नव्हते.

दरम्यान मी जुनी झाले. बाहीला ठिगळ लागले. एकदा परदेशातून एक तयार चाळणी आली, निळ्या नायलॉनची, हलकी, घडी घातली की दप्तरात मावणारी. बाईंनी काही दिवस ती वापरली. मी खिळ्यावर एका छत्रीच्या शेजारी टांगून राहिले आणि माझ्यावर धूळ बसली. मग ती नायलॉनची एका काट्याला अडकून टरकन फाटली आणि माझे दिवस परत आले. मला त्यात आनंद झाला नाही, असे म्हटले तर ते खोटे होईल.

दुसरा भुंगेरा काही मिळाला नाही. पण बाईंचे लिखाण तयार होते, चित्रे तयार होती आणि शेपटीतली ती किल्ली कोणाला नाकारता येण्यासारखी नव्हती. शेवटी सर विरघळले. एकाच नमुन्यावर नवी जात छापायला नियतकालिकवाले कां कू करत होते. सरांनी त्यांना कळवले, की ह्या बाईंच्या कामाची खात्री मी देतो. सर कोणाची खात्री सहसा देत नसत. लिखाण मंजूर झाले. नाव ठरले. किड्यांची नावे लॅटिनमध्ये असतात, तर त्या भाषेत 'थोरल्या डोंगराचा' असा अर्थ होईल असा शब्द बाईंनी योजला.

आता ह्या नावांचा एक नियम तुम्हांला सांगायला हवा. नाव एकदा छापले, की बदलता येत नाही. मागाहून कळले, की ते साफ चुकीचे आहे, गोऱ्याला काळ्या म्हटले आहे, तरी ते तसेच राहते. दगडावरची रेघ. माणसांना निदान लग्नात किंवा कोर्टात नाव बदलता येते, भुंगेऱ्याला ती सोय नाही. छपाईला पाठवायच्या अखेरच्या प्रती आल्या. बाईंनी त्या तपासून दोन दिवसांत परत पाठवायच्या होत्या.

त्याच सुमाराला माझी शिवण उसवली. कडीजवळच, त्या घडीच्या तोंडाशी. बाई मला घेऊन मावशीकडे गेल्या. मावशी आता थकली होती, पण मशीन खिडकीशी होते आणि तेल घातलेले होते.

"तुझं नाव बदलायची वेळ आली, मावशी," बाई म्हणाल्या. "उसवली."

"इतकी वर्षं लोखंडाशी कुस्ती खेळल्यावर मीही उसवले असते," मावशी म्हणाली. "दे इकडे. आणि नावाचं तुझ्या किड्यापासून सुरू कर, मग माझ्याकडे ये. ठरलं का त्याचं?"

"ठरलं. परवा छापायला जाणार."

"चला, एकाचं बारसं तर होतंय ह्या घरात." मावशीने मला मांडीवर घेतले, हात घातला आणि नाक मुरडले. "अगं, ही कचऱ्यासकट शिवू की काय मी? सुई मोडेल माझी. आधी उलटी कर. दुमडसुद्धा उलटी कर, नुसती पिशवी नको."

मित्रांनो, हसू नका, पण बाईंनी मला उलटी केली आणि मला उलटी झाली. इतकी वर्षे पोटात दाबून ठेवलेले सगळे मावशीने पसरलेल्या वर्तमानपत्रावर पडले. चिमूटभर वाळलेला भुगा होता तो, घडीच्या आकाराचा, वडीसारखा घट्ट झालेला. मावशी कागद गोळा करून टाकायला निघाली. बाईंनी तिचे मनगट धरले.

त्यांनी खिशातून भिंग काढले. भुग्यात पानाचे दोन तुकडे होते. त्यांच्या कडा करवतीसारख्या होत्या. थोरल्यावर करवती पानांचे एकही झाड नाही, हे बाईंना झोपेतही सांगता आले असते. पानाला चिकटून भुंगेऱ्याच्या पाठीचे एक झाकण होते, आखूड, तपकिरी. त्याच्या एका कडेला सोनेरी केस होते.

बाई खाली बसल्या.

"काय झालं?" मावशीने विचारले.

"तो थोरल्याचा नाही, मावशी. धाकट्याचा आहे. हिच्या शिवणीतून गेला तो वर." मग त्यांनी तिला सगळे सांगितले, हॉर्न, धुके, गुंडाळलेली पिशवी. त्यांना ते सगळे आठवत होते.

मावशीने माझ्याकडे पाहिले. "म्हणजे काखेत कळसा आणि गावाला वळसा," ती म्हणाली. "इतकी वर्षं तू ह्याच पिशवीने ह्यालाच शोधत होतीस?"

"हो."

"हसू का?"

"हस."

पण मावशी हसली नाही. तिने मशीनवरचे फडके उगाच घडी करून ठेवले. "हे कोणाला कळलंय?"

"तुला आणि मला."

"मग मी शिवते हिला आणि विसरून जाते. किडा नवा आहे ना? ते तर खोटं नाही? झाकली मूठ सव्वा लाखाची. आपणहून सांगायला जाशील, तर हात दाखवून अवलक्षण होईल. सरांनी शब्द टाकलाय तुझ्यासाठी."

"नवा आहे. ते खरं आहे." बाई त्या तपकिरी झाकणाकडे बघत होत्या. "पण उद्या कोणी ह्याला बघायला थोरल्यावर जाईल, मावशी. माझ्यासारखाच चाळत बसेल. नाही सापडला की म्हणेल, संपला बिचारा, गेला जगातून. आणि हा इकडे धाकट्यावर शेळ्यांच्या पायांखाली असेल, दुसऱ्याचं नाव लावून."

मावशीने थोडा विचार केला. "दुसऱ्याचं नाव लावून जगणं वाईटच," ती म्हणाली आणि मशीनच्या सुईत दोरा ओवायला घेतला. "घडी बंद करून टाकू का ह्या खेपेला?"

"नको. तशीच ठेव, पण तोंड मोठं कर. हात गेला पाहिजे आत."

दुसऱ्या दिवशी बाई मला खांद्यावर टाकून सरळ सरांच्या खोलीत गेल्या. चाळणी घेऊन कोणी त्या खोलीत येत नसे. सरांनी चष्म्यावरून पाहिले.

"सर, तो थोरल्याचा नाही."

"कोण म्हणतं?"

"ही चाळणी."

बाईंनी काचेच्या बशीत पान आणि भुंगेऱ्याच्या पाठीचे ते झाकण ठेवले आणि काय घडले ते सांगितले. सांगताना त्यांचा आवाज एकदाच अडखळला, मला उलटी केले नाही हे सांगताना. सरांनी बशी सूक्ष्मदर्शकाखाली सरकवली.

"आपल्याकडच्याच्या पाठीची दोन्ही झाकणं शाबूत आहेत?"

"दोन्ही."

"पान?"

"धाकट्यावरचं."

सरांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. त्यांना राग आला होता की नाही, हे मला कळले नाही. "थांबवायचं तर मलाच कळवावं लागेल," ते म्हणाले. "खात्री माझी होती."

"चूक माझी होती, असं लिहा, सर."

"तेच लिहिणार आहे. उगाच तुमची चूक मी का घेऊ?" त्यांनी कागद पुढे ओढला. "आणि धाकट्यावरही मिळाला नाही तर?"

"तर छापायला काही राहणार नाही. नाव नाही आणि गावही नाही, असा एक किडा पेटीत राहील. आणि मी पाचोळेवाली राहीन."

सर लिहू लागले. मान वर न करता म्हणाले, "मग इथे कशाला उभ्या आहात? ऊन वाढतंय. पाचोळा वाळला, की सगळे जमिनीत जातात."

त्याच दुपारी आम्ही धाकट्यावर गेलो. गाडीवान दादांना वाटेत सगळे कळले होते. पायथ्याशी गाडी थांबवून ते स्टिअरिंगवर हात ठेवून बसून राहिले.

"त्या दिवशी मी हॉर्न वाजवला म्हणून झालं का हे?"

"हॉर्न तुमचा होता, दादा. हात माझे होते."

"आज नाही वाजवणार," ते म्हणाले आणि उतरून पाण्याचा कॅन उचलून आमच्या मागे चालू लागले.

धाकट्याचा उतार तापला होता. शेळ्यांनी खूप ठिकाणी पाचोळा तुडवून त्याची धूळ केली होती. बाईंनी पहिल्या झाडाखाली मला भरले, हलवले, पांढऱ्या कापडावर रिकामे केले. मुंग्या निघाल्या. दुसऱ्या झाडाखाली गोगलगायीचा रिकामा शंख निघाला. बाई प्रत्येक वेळी मला उलटी करत, घडीत दोन बोटे घालून तपासत, तीनदा आपटत आणि पुढे सरकत. सूर्य कलला तसा दादांनी कॅन खाली ठेवला आणि स्वतःच पाचोळा गोळा करून ओंजळीने देऊ लागले. काहीच मिळत नव्हते. 

मग एका कललेल्या खडकाच्या पोटाशी, जिथे शेळीचे तोंड पोचत नव्हते, करवती पानांचा एक ओला थर सापडला. जुना, दाबून बसलेला, बुरशीच्या वासाचा. बाईंनी तो तळापासून उचलला. मला हलवले. कापडावर रिकामे केले. आम्ही तिघेही गप्प बसलो.

भुगा तसाच पडून राहिला. एक कोळी चालू लागला. एक गोम वळवळत गेली. मग भुग्याच्या कडेला एका बारीक लांबट जिवाने सोंग सोडले, शेपटीचे टोक वर उचलले आणि तो चालू लागला. पाठीवरची ओळ तिरप्या उन्हात स्पष्ट दिसत होती. त्याच्या मागून दुसरा निघाला.

"हाच का?" दादांनी कुजबुजत विचारले.

बाईंनी नुसती मान हलवली. डोळे पुसले आणि नळी उचलली. दोघांनाही त्यांनी घेतले. त्यांतली एक मादी होती, असे पुढे कळले. तिसराही एक निघाला होता. त्याला बाईंनी पाचोळ्याखाली जाऊ दिले. मित्रांनो, जगात आपण आहोत हे कळवण्यासाठी त्या दोघांना स्पिरिटच्या बाटलीत जावे लागले. ते बरोबर की चूक, हे मला ठरवता येत नाही. बाई बाटलीचे बूच लावताना दर वेळी किंचित थांबतात, एवढे मी पाहिले आहे.

लिखाण नव्याने तयार झाले. त्यात एक परिच्छेद असा होता, की पहिला नमुना थोरल्या डोंगरावरचा समजला गेला, ती समजूत चाळणी नीट न झटकल्यामुळे झालेली चूक होती आणि ती चूक लेखिकेची होती. सरांनी तो परिच्छेद वाचला आणि एक स्वल्पविराम तेवढा हलवला. मग ते म्हणाले, "नाव? धाकट्या डोंगराचा?"

"डोंगराचं नाव नको, सर. एकदा हात पोळला." बाई म्हणाल्या. "लॅटिनमध्ये शिवणीसाठी शब्द आहे."

"पाठीवरच्या शिवणीवरून. सोनेरी केस." सरांनी मान डोलावली. मग त्यांची नजर कपाटाशेजारच्या खिळ्याकडे, म्हणजे माझ्याकडे वळली आणि त्यांना खोकल्यासारखे हसू आले. "कुठली शिवण ते नियमाप्रमाणे लिहावं लागत नाही," ते म्हणाले. "ठेवा."

तो आता पेटीत आहे, लाल चिठ्ठीखाली. नव्या जातीच्या पहिल्या नमुन्याला लाल चिठ्ठी मिळते. थोरल्याची ती जुनी चिठ्ठीही त्याच टाचणीवर आहे, कारण लिहिलेली चिठ्ठी काढून टाकायची नाही, चुकली असेल तर खाली खरी लावायची, असा तिथला रिवाज आहे. मला तो रिवाज आवडतो. शेजारच्या बशीत पाठीचे ते एक तुटके झाकणही ठेवले आहे. मावशी मुद्दाम पेटी बघायला आली होती. "एवढासाच?" असे म्हणून तिने भिंगातून पाहिले आणि मग कोणालाही उद्देशून न बोलता, "शिवण सरळ आहे हो," एवढे म्हणाली.

माझे काम आता संपत आले आहे. जाळीला गंज धरला आहे. डोंगरावर नव्या चाळण्या जातात आणि त्यांतल्या एकीलाही दुमड नाही. मला तुमच्याकडे एकच मागणे आहे. तुमच्या हातात वस्तू येतील, दप्तर, डबा, पेटी, पिशवी. काम झाले, की त्या आहेत तशा गुंडाळून कोपऱ्यात फेकू नका. गाडी हॉर्न देत असली तरी क्षणभर थांबा, त्यांना उलटे करा आणि शिवणीत बोट घालून बघा. तिथे काही नसेल, तर तुमचे काही जात नाही. आणि असेल, तर ते कोणाचे तरी असेल आणि कुठून तरी आलेले असेल.

मी अजून त्याच खिळ्यावर आहे. फरक एवढाच, की बाई मला आता आतली बाजू बाहेर काढून टांगतात. दुहेरी टीप, मोठे केलेले घडीचे तोंड, ठिगळांचे लोंबणारे दोरे, सगळे येणाऱ्याजाणाऱ्याला दिसते. परवा विभागात नवीनच लागलेल्या एकीने नीटनेटकेपणा म्हणून मला काढले आणि विचारले, "मॅडम, ही उलटी टांगलीय. सुलटी करून ठेवू?"

बाईंनी सूक्ष्मदर्शकावरून डोळा न काढता सांगितले, "राहू दे. ती सुलटीच आहे."